यंत्र, ग्रंथ आणि धम्म



१९०१ सालची गोष्ट आहे. साताऱ्यास राहणारी काही मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या वडिलांस भेटण्यासाठी आगगाडीने निघाली. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. मुलांच्या अंगावर नवे कपडे होते, खिशात तिकिटे होती आणि मनात पहिल्या प्रवासाचा आनंद होता. मसूर स्टेशनवर ती उतरली. वडिलांना पत्राची वार्ता पोचली नव्हती. न्यायला कोणीच आले नव्हते. स्टेशनमास्तरने प्रथम आपुलकीने विचारपूस केली. परंतु जात कळताच तो चार पावले मागे सरला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन, आणि बैल मुलांनी स्वतःच हाकावेत या अटीवर, एकजण कबूल झाला. जवळ शिदोरी भरपूर होती. परंतु पिण्यास पाणी कोणी देईना, म्हणून ती मुले रात्रभर उपाशी राहिली. त्या मुलांपैकी एक म्हणजे आपले बाबासाहेब. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

या हकीकतीचा विचार तुम्ही शांतपणे करावा अशी आमची विनंती आहे. आगगाडीच्या इंजिनाने त्या मुलांची जात विचारली नाही. ज्याने तिकीट काढले त्याला तिने मुक्कामी पोचवले. परंतु जेथे स्टेशनाचा फलाट संपला तेथे मनूचा अंमल सुरू झाला. लोखंडी रूळ साताऱ्याहून मसूरपर्यंत आले. स्टेशनमास्तरच्या मनापर्यंत मात्र ते पोचले नाहीत.

आज ही गोष्ट सांगण्याचे कारण असे. तुमच्यापैकी ज्यांनी अलीकडे धम्मदीक्षा घेतली आहे, त्यांना शेजारी, सहकारी आणि पुष्कळदा जवळचे नातेवाईकही एकच प्रश्न विचारतात : "आता काळ बदलला. सगळे एकाच बसमधून जातात, एकाच नळाचे पाणी पितात, प्रत्येकाच्या हातात तोच मोबाईल आहे. जात आपोआप जाणारच आहे. मग धर्म बदलण्याचा हा खटाटोप कशासाठी?" प्रश्न सभ्य आहे आणि ऐकणाऱ्याला पटण्यासारखा वाटतो; म्हणूनच तो धोक्याचा आहे. यंत्र समाज बदलते, तत्त्वज्ञान आणि ग्रंथ या निव्वळ बोलण्याच्या गोष्टी, असा त्याचा मथितार्थ आहे. हा समज इतिहासाला धरून आहे काय, हे आपण पुराव्यानिशी तपासू.

मुंबईच्या कापडगिरण्यांचा पुरावा प्रथम घेऊ. गिरणी म्हणजे आधुनिक यंत्रयुगाचे प्रत्यक्ष रूप. गावातून उठलेला अस्पृश्य कामगार गिरणीच्या दारात आला तो याच आशेने, की भोंग्याला जात नसते. कताईच्या खात्यात त्याला काम मिळाले. परंतु साळखात्यात, जेथे मजुरी अधिक होती, त्याला मज्जाव होता. कारण काय? धोट्यातील कांडीचा धागा तुटला की विणकर तो तोंडाने ओढून धोट्याच्या छिद्रातून काढीत असे. अस्पृश्याच्या ओठांचा स्पर्श झालेला धोटा सवर्ण विणकर ओठांस लावणार नाही, म्हणून अस्पृश्याने मागावरच येऊ नये! माग विलायतेहून आला होता, त्याबरोबर विटाळ काही आला नव्हता. विटाळ येथलाच होता. त्याने नव्या यंत्रात आपली जागा शोधली, एवढेच. १९२८ सालच्या मोठ्या संपाच्या वेळी साळखाते अस्पृश्यांस खुले करण्याची मागणी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढे आग्रहाने मांडली. जे पुढारी भांडवलशाहीविरुद्ध मोठ्या आवाजात बोलत, त्यांना आपल्याच बाजूच्या धोट्यावरील विटाळ इतके दिवस दिसला नव्हता.

कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली. तर आजची पाहा. गटारे आणि मैल्याच्या टाक्या साफ करणारी यंत्रे आज आपल्या देशात आहेत. विद्या कमी नाही, पैसा अगदीच नाही असेही नाही. तरीही माणूस त्या विवरात उतरतो आणि विषारी वायूने गुदमरून मरतो. हाताने मैला वाहण्याची प्रथा बंद करण्याचा कायदा १९९३ साली झाला, त्याहून व्यापक कायदा २०१३ साली झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू आलेल्या प्रत्येक कामगाराच्या कुटुंबास दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम तीस लाखांवर नेली. भरपाईची रक्कम वाढवावी लागते, याचाच अर्थ मरणे थांबलेले नाही. आणि मरणारे कोण, हे तुम्हांस सांगावयास नको. यंत्र उपलब्ध असूनही ते आणले जात नाही, कारण त्या यंत्राहून एका विशिष्ट जातीचा माणूस स्वस्त आहे असे समाजाच्या मनाने ठरवून ठेवले आहे. हा दोष यंत्राचा नसून त्या मनाचा आहे.

आता तिसरा पुरावा घ्या, तो तुमच्या हातातील मोबाईलमध्येच आहे. विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळांवर जातीचा रकाना असतो, पोटजातीचाही असतो. जे काम पूर्वी मध्यस्थ चार गावे हिंडून करीत असे, ते आता क्षणात होते. म्हणजे जातीत लग्न लावणे पूर्वीपेक्षा सोपे झाले. ज्या जातिबंधनाचे मूळ जातीतल्या जातीत लग्न हेच आहे, असे बाबासाहेबांनी १९१६ साली न्यूयॉर्क येथे वाचलेल्या निबंधात दाखवून दिले, त्या बंधनास या नव्या साधनाने बळकटीच आणली.

याचा अर्थ यंत्र वाईट, असा कोणी काढू नये. तसा अर्थ काढणारे थोर लोक या देशात होऊन गेले. खेड्याकडे आणि चरख्याकडे परत चला असे त्यांनी सांगितले. बाबासाहेबांनी त्यांचे म्हणणे मान्य केले नाही. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की, मनुष्याला पशूहून वेगळे करणारी गोष्ट म्हणजे संस्कृती. संस्कृतीसाठी फुरसत हवी. आणि कष्टकऱ्याला फुरसत यंत्रच देऊ शकते. यंत्रापासून जे अनर्थ होतात ते यंत्रामुळे नव्हेत, तर चुकीच्या समाजरचनेमुळे होतात. ज्याच्या बापजाद्यांनी दुसऱ्याच्या घाणीत आयुष्य घालवले, त्याला साधेपणाचा आणि अंगमेहनतीचा उपदेश करणे सोपे आहे. ती घाण यंत्राने उपसली जावी हा त्याचा हक्क आहे. हे नुसते लिहून बाबासाहेब थांबले नाहीत. मजूर खाते त्यांच्याकडे असताना, १९४६ साली, कारखान्यांतील कामाचे तास आठवड्यास ५४ वरून ४८ वर आणणारा कायदा झाला. आठवड्याचे सहा तास कामगाराच्या पदरात पडले. ते तास त्याने वाचण्यात, मुलांस शिकवण्यात, सभेस जाण्यात घालवावेत, ही त्यामागची दृष्टी होती.

म्हणजे यंत्राला दिशा देणारे दुसरे काहीतरी लागते. ते म्हणजे तत्त्वज्ञान; माणसाने माणसाशी कसे वागावे याविषयीचा निश्चित विचार. भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वी तो दिला. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात दोन तरुणांचा वाद आहे : माणूस श्रेष्ठ ठरतो तो जन्माने की आचरणाने? भगवान त्यांना सृष्टीकडे पाहण्यास सांगतात. गवत, झाडे, किडे, चतुष्पाद, मासे, पक्षी यांत जातीजातींची निरनिराळी चिन्हे जन्मतःच दिसतात. माणसामाणसांत अशी चिन्हे कोठे आहेत? डोळे, कान, हात, पाय सर्वांचे सारखेच. जो शेती करतो तो शेतकरी, जो कारागिरी करतो तो कारागीर. फरक आहे तो कर्माचा. हा युक्तिवाद पाहा. यात शाप नाही, वरदान नाही, ईश्वराची आज्ञा नाही. डोळ्यांनी पाहा आणि बुद्धीने ठरवा, एवढेच सांगणे आहे. आज ज्याला आपण विज्ञाननिष्ठा म्हणतो, तिचेच हे रूप होय.

आणि भगवान केवळ विचार सांगून थांबले नाहीत. त्यांनी त्याचा नियम केला. शाक्य राजपुत्र संघात आले तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली नावाचा न्हावीही होता. आपला कुलाभिमान गळावा म्हणून प्रथम उपालीस दीक्षा द्यावी, अशी विनंती राजपुत्रांनी केली, आणि तसेच झाले. ज्याने आजवर त्यांची हजामत केली, त्यालाच त्यांना ज्येष्ठ म्हणून वंदन करावे लागले. पुढे हाच उपाली संघाच्या नियमांचा श्रेष्ठ ज्ञाता मानला गेला. कायद्याचा अभ्यासक म्हणून आम्हांस ही गोष्ट नेहमी विचार करावयास लावते. ज्याला समाजाने नियमाबाहेर ठेवले होते, तोच नियमांचा आधार झाला. आमच्या काळात याच गोष्टीची पुनरावृत्ती झाली. ज्यास वर्गात बाजूला गोणपाटावर बसवले, त्यानेच या देशाच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून उसनी घेतली नसून माझे गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत, असे बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट केले. त्यांनी ते सांगितले आकाशवाणीवरून, हेही ध्यानात घ्या. विचार प्राचीन आणि यंत्र अर्वाचीन. परंतु विचारास योग्य वक्ता मिळाला की यंत्र त्याची सेवा करते.

विचार डोक्यात राहून भागत नाही. तो झोपडीपर्यंत पोचावा लागतो. ते काम साहित्य करते. छापखान्याचाच दाखला घ्या. त्याने पोथ्या छापल्या, पंचांगे छापली, सोवळ्याओवळ्याचे नियमही छापले. परंतु त्याच छापखान्यात १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात मुक्ता नावाच्या मांग समाजातील मुलीचा निबंध छापला गेला. जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकलेल्या त्या मुलीने मांगमहारांच्या दुःखाविषयी लिहिले आणि ज्या धर्मात आम्हांस जागाच नाही तो आमचा कसा, असा सवाल केला. १८७३ साली जोतीरावांची 'गुलामगिरी' निघाली. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला, १९२७ साली 'बहिष्कृत भारत' निघाले. १९३६ साली लाहोरच्या मंडळाने बाबासाहेबांचे अध्यक्षीय भाषण नको म्हणून परिषदच रद्द केली; तेव्हा त्यांनी ते भाषण पदरमोड करून छापले, आणि त्या पहिल्या आवृत्तीच्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. सभागृहाचे दार बंद झाले, पण छापखान्याचे उघडे होते.

पुढे गिरणीत काम केलेल्या अण्णाभाऊ साठे यांनी १९५९ साली 'फकिरा' ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केली. १९६३ साली बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. त्यातील शीर्षककथेत रेल्वेच्या नोकरीवर आलेला तरुण डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून जात लपवतो आणि ती उघडी पडताच मार खातो. १९०१ चे मसूर आणि १९६३ ची ही कथा यांत बासष्ट वर्षे गेली. रेल्वे तीच आणि प्रश्नही तोच. फरक एकच झाला : आता तो प्रश्न आपल्याच माणसाने, आपल्याच भाषेत, मान खाली न घालता लिहिला होता. ज्याचे दुःख छापले जाते, ते त्याचे एकट्याचे राहत नाही. ते जगाच्या दरबारात दाखल झालेले आरोपपत्र होते.

परंतु ग्रंथ आणि कायदाही वापरावाच लागतो. नाही तर तोही कागदच. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले केले. महाड नगरपालिकेने १९२४ साली तसाच ठराव केला. म्हणजे चवदार तळ्याचे पाणी कागदावर आपले झाले होते. पण ओंजळ भरण्यास कोणी धजेना. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह त्या तळ्यावर गेले तेव्हा तो कागद खरा झाला. त्यानंतरही दहा वर्षे दावा चालला, आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. ठराव, पाऊल आणि दावा, या तिन्हींशिवाय हक्क पदरात पडत नाही.

नवदीक्षितांनो, हे सर्व तुमच्या घराशी कसे निगडित आहे ते आता सांगतो. काही दिवसांपूर्वी एक कुटुंब आमच्याकडे सल्ल्यासाठी आले. मुलीच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. एका कचेरीत त्यांना सांगण्यात आले, की तुम्ही बौद्ध झालात, आता तुमचे आरक्षण गेले. बापाचा चेहरा उतरला होता, आणि घरात कुजबुज सुरू झाली होती, की उगाच दीक्षा घेतली. बंधूंनो, ही माहिती सपशेल चुकीची आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात मुळात बौद्धांचा समावेश नव्हता. १९५६ साली शीख धर्मीयांचा झाला, आणि बौद्धांचा होण्यास १९९० साल उजाडले. धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षे आपल्या आईबापांनी केंद्राच्या सवलतींवाचून धम्म पाळला, हे विसरू नका. आज कायदा स्पष्ट आहे : अनुसूचित जातीतील माणूस बौद्ध झाल्याने त्याचा तो दर्जा जात नाही. मात्र 'नवबौद्ध' ही काही अनुसूचीतील जात नव्हे. म्हणून दाखल्यावर मूळ जातीचे नाव आणि धर्म बौद्ध, अशी नोंद असावी लागते. यासाठी वाडवडिलांचे शाळा सोडल्याचे दाखले, गावच्या जुन्या नोंदी, विशेषतः १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे कागद जपून ठेवा. जुन्या कागदावरील जातीचा उल्लेख पाहून लाजू नका. तो कलंक आपला नव्हे. तो ज्याने लावला त्याचा आहे, आणि आज तोच कागद त्या अन्यायाच्या भरपाईचा पुरावा आहे.

आणि कायद्याने दिलेले हक्क घराबाहेर मागताना ते घराच्या आत नाकारू नका. विवाह आणि वारसा यांबाबत १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू वारसा कायदा हे बौद्धांसही लागू आहेत. २००५ च्या दुरुस्तीने मुलीस वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा वाटा मिळाला आहे. भिंतीवर भगवंतांची प्रतिमा आणि बहिणीकडून मात्र हक्कसोडपत्रावर सही, हे चित्र आम्ही पाहतो तेव्हा मन विषण्ण होते. मुलाचे स्थळ पाहताना पोटजातीचा रकाना भरणारा बाप बावीस प्रतिज्ञांपैकी कोणती प्रतिज्ञा पाळतो, हे त्याने स्वतःस विचारावे.

तेव्हा आमचे सांगणे थोडके आहे. मोबाईल फेकू नका. परंतु त्यावर आलेला प्रत्येक मजकूर, मग तो धम्माच्या नावाने का असेना, केवळ ऐकीव म्हणून खरा मानू नका. कालामांना भगवंतांनी हाच सल्ला दिला होता. घरात टी. व्ही. आहे, तसे एक ग्रंथाचे फडताळ असू द्या. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ हार घालण्यासाठी नव्हे, वाचण्यासाठी आहे. रोज रात्री दोन पाने घरातील एकाने मोठ्याने वाचावीत, आणि ज्यांना अक्षर येत नाही त्या आजीने प्रश्न विचारावेत. त्याच फडताळात घटनेची मराठी प्रत आणि घरातील सर्व दाखल्यांची फाईल ठेवा. अन्याय दिसला तर तोंडी तक्रारीवर थांबू नका. अर्ज लेखी करा, पोच घ्या, तारीख टिपून ठेवा.

मसूरच्या स्टेशनावर त्या मुलांकडे तिकीट होते, डबा होता, नवे कपडे होते. नव्हते ते एकच, त्यांना माणूस मानणारे मन. ते मन घडवण्याचे काम आगगाडीने केले नाही आणि मोबाईलही करणार नाही. ते तुमच्या घरात, तुमच्या मुलांसमोर, तुम्हांसच करावयाचे आहे. धम्मदीक्षा ही त्या कामाची सुरुवात आहे, समाप्ती नव्हे.

जय भीम.